कानांचा ताळेबंद

चाळिशी उलटलेल्या माणसाने नवा छंद लावून घेऊ नये. घ्यायचाच झाला तर तो बिनखर्चाचा असावा. उदाहरणार्थ, सकाळी फिरायला जाणे, किंवा फिरायला का जावे हे दुसऱ्यांना पटवून देणे. मी पडलो बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिची किंमत पाहतो आणि मग ती हळूच होती तिथे ठेवून देतो. अशा माणसाने गाणी ऐकायचे यंत्र घेण्यासाठी चार महिने अभ्यास करावा, याला साडेसातीशिवाय दुसरे नाव नाही.

हा रोग पुण्याहून आला. (मंचरला बहुतेक रोग पुण्याहूनच येतात. पुणे-नाशिक रस्ता त्यासाठीच रुंद केला असावा.) माझा भाचा दिवाळीला आला तेव्हा मी ओट्यावर बसून मोबाइलवर भीमसेन जोशींचा अभंग ऐकत होतो. कानात एस.टी. स्टँडसमोर घेतलेली दीडशे रुपयांची वायर. भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी पंचामृत बादलीतून पीत आहे.

"मामा, तुम्ही भीमसेन ऐकत नाही आहात. भीमसेनांची झेरॉक्स ऐकताय."

असे म्हणून त्याने खिशातून एक काळी डबी काढली. हिला म्हणे 'डॅप' म्हणतात, म्हणजे डिजिटल ऑडिओ प्लेअर. दिसायला मोबाइलसारखी, किमतीला मोबाइलच्या वरचढ; फक्त तिच्यावरून फोन करता येत नाही. "आणि कुणाचा येतही नाही," भाचा म्हणाला. मार्चएन्ड पाहिलेल्या माणसाला भुरळ पडायला हा एवढा गुण पुरे होता.

तसा आमच्या पिढीचा या विषयाशी संबंध वॉकमनपासूनचा. सोनी कंपनीने पहिला वॉकमन जपानात जुलै १९७९ मध्ये आणला. माझ्या हाती त्याचा कुणी दूरचा भाऊबंद आला तो कॉलेजात असताना. त्याची टेप गुंडाळायला मी जेवढ्या पेन्सिली वापरल्या, तेवढ्या शाळेत लिहायलाही वापरल्या नव्हत्या. पुढे २००१ साली आयपॉड आला. खिशात हजार गाणी, अशी त्याची जाहिरात होती. मग मोबाइलने घड्याळ, कॅमेरा, बॅटरी आणि कॅल्क्युलेटर गिळले, तसा आयपॉडही गिळला. २०२२ साली तो बंदच झाला. आम्हांला वाटले, विषय मिटला. पण मोबाइलवरचे गाणे ज्यांच्या घशाखाली उतरत नाही अशी एक जमात शिल्लक होती. तिच्यासाठी जपान, कोरिया आणि चीनमधून नव्या डब्या निघू लागल्या. सोनीच्याच २०१६ सालच्या एका डबीचे अंग तांब्याचे, वर सोन्याचा मुलामा आणि वजन ४५५ ग्रॅम! सोनेतारणाच्या काउंटरवर मी दोन वर्षे काढली आहेत. एवढा ऐवज खिशात घालून गाणी ऐकणारे गिऱ्हाईक आले असते, तर मी त्याला आधी सराफाकडे पिटाळले असते.

मी वही घेतली. मधोमध रेघ मारली. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. स्पर्धक तीन. पहिला, माझा मोबाइल आणि त्याला लावायचे बोटभर डोंगल (कारण हल्लीच्या मोबाइलना वायर खुपसायला भोकच नसते). दुसरा, एक मध्यम चिनी प्लेअर. तिसरा, भाच्याचा मोठा प्लेअर, ज्याची किंमत त्याने माझ्या बहिणीला निम्मी सांगितली होती.

तिन्हींच्या पोटात काम एकच. गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करायची आणि ती कानाकडे ढकलायची. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा सेकंदाला ४४,१०० आकडे पुरेत असे ठरले होते. त्यात २२,००० कंपनांपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान ऐन लहानपणी फार तर २०,००० पर्यंत पोचतो. हल्लीच्या डब्या १,९२,००० आकडे देतात. म्हणजे दोनशे रुपये काढायला आलेल्या आजीबाईंना आपण एकोणीस दशांश स्थळांपर्यंत व्याज काढून द्यावे, त्यातलाच प्रकार. पण आजीबाई खूश होत असतील तर आपले काय जाते?

या जमातीची भाषाही निराळी. एका प्लेअरचा आवाज 'वॉर्म', दुसऱ्याचा 'ब्राइट', तिसऱ्याची म्हणे पार्श्वभूमी 'काळीभोर'. मी हे आमच्या हेडकॅशियरना वाचून दाखवले. ते म्हणाले, "वॉर्म म्हणजे तापतो. परत करा."

शेवटी मी परीक्षा घ्यायचे ठरवले. परीक्षक आमची सौ. तिने टॉवेलाआड वायर बदलायची, मी डोळे मिटून ओळखायचे. पहिल्या रविवारी मी दहापैकी नऊ वेळा मोठा प्लेअर अचूक ओळखला. छाती फुगली. भाच्याला फोन केला, तर त्याने विचारले, "आवाज सारखा केला होतात ना?" केला नव्हता. मोठा प्लेअर जरा मोठ्याने वाजत होता, आणि जे मोठ्याने वाजते ते कानाला सरस वाटते. (हे तत्त्व आमच्याकडे मार्केट यार्डातल्या लिलावात आणि ग्रामसभेत फार पूर्वीपासून ठाऊक आहे.) पुढच्या रविवारी भाचा मल्टिमीटर घेऊन आला, तिन्हींचे व्होल्टेज एकसारखे केले, आणि माझे गुण दहापैकी पाचवर आले.

"नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते," सौ. म्हणाली. "आणि ते नाणं घरातच राहिलं असतं."

मात्र हेडफोन बदलला की फरक कुणालाही कळत होता. भाच्याचा ३०० ओमचा जाडजूड हेडफोन मोबाइलला लावला, की भीमसेन शेजारच्या गावात गातायत असे वाटे. मोठ्या प्लेअरला लावला की ते समोर येऊन बसत. त्याला ढकलायला जोर लागतो. म्हणजे वहीतला निष्कर्ष असा : फरक आहे, पण डबीत थोडा, कानावरच्या वस्तूत फार, आणि वस्तू जड असेल तर डबीत जोर हवा.

इतके सिद्ध झाल्यावर शहाण्या माणसाने वही मिटली असती. मी मधला प्लेअर घेतला. हप्त्याने.

खोके उघडले तेव्हा सौ.ने तो उलटसुलट करून पाहिला. "याला दोन भोकं आहेत. दुसरं माझ्यासाठी का हो?"

मी समजावले, की एक साधे, साडेतीन मिलिमीटरचे, दुसरे ४.४ मिलिमीटरचे, त्याला 'बॅलन्स्ड' म्हणतात. डाव्या आणि उजव्या कानाला येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या, म्हणून जोर जास्त.

"म्हणजे दोन्ही भोकं तुमचीच," ती म्हणाली. "मग यात बॅलन्स कसला?"

बँकेतल्या वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गंमत म्हणजे त्या १९७९ च्या वॉकमनलाही दोनच भोके होती. पण दुसरे खरोखरच दुसऱ्या माणसासाठी होते. एकट्यानेच ऐकणे हा उद्धटपणा दिसेल, अशी सोनीच्या अकिओ मोरिता यांना धास्ती वाटली होती. दोघांना आपसात बोलता यावे म्हणून गाणे बारीक करणारे एक बटणही त्यावर होते. पुढच्या मॉडेलांतून ही सोय गेली. मी हे सगळे सौ.ला सांगितले नाही. काही माहिती नवऱ्याने स्वतःपाशीच ठेवावी.

नवी अडचण निघाली ती गावाची. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आभाळातल्या लहरींना कान लावून बसल्या आहेत. ती दुर्बीण आमच्या भागात आली त्याचे एक कारण असे, की इथे रेडिओलहरींचा गोंगाट कमी. आमच्या आळीत त्यांचा कुणी शास्त्रज्ञ येऊन गेला नसावा. इथे रस्त्याने बटाट्याचे ट्रक, मागे ट्रॅक्टर आणि लग्नसराईत डीजे. प्लेअरची पार्श्वभूमी कितीही काळीभोर असो, वरात आली की ती रंगीबेरंगी होते. तेव्हा मी कानात घट्ट बसणारी रबरी बुचे घेतली आणि आवाज आणखी चार घरे वर नेला. मंचर नाहीसे झाले. उरलो मी आणि भीमसेन.

आता आमच्या आण्णांविषयी सांगायला हवे. आण्णा म्हणजे माझे वडील, वय शहात्तर. मंचरच्या मार्केट यार्डात आडत्याकडे अडतीस वर्षे दिवाणजी होते. लिलावाच्या गलक्यातून भाव टिपणारे त्यांचे कान अलीकडे दगा देऊ लागले होते. श्रवणयंत्र घ्या म्हणून मी दोन वर्षे मागे लागलो होतो. "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," एवढेच त्यांचे उत्तर. आम्हीही मग त्यांच्याशी ओरडून आणि त्यांच्याविषयी साध्या आवाजात बोलायला शिकलो होतो.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी सौ. माहेरी गेली होती. मी मागच्या खोलीत बुचे घालून बसलो होतो. आण्णा दूध आणायला गेले आणि जाताना मी पुढच्या दाराला आतून कडी घातली. ते परत आले तेव्हा पावसाने जोर धरला होता. त्यांनी दार वाजवले, हाका मारल्या. मला ऐकू येत नव्हते. आणि मी आतून ओ दिली की नाही, हे त्यांना ऐकू येत नव्हते. अर्ध्या तासाने शेजाऱ्यांनी मागच्या खिडकीतून काठी घालून मला ढोसले. त्या दिवशी आमच्या घरात दोन बहिरे होते : एक वयाने, एक हप्त्याने.

आण्णा भिजून चिंब झाले होते. मी टॉवेल दिला, चहा ठेवला. त्यांनी चहा पिऊन होईपर्यंत एक शब्द काढला नाही. मग म्हणाले, "मला ऐकू येत नाही, ते यावं म्हणून तू मला यंत्र घ्यायला सांगतोस. आणि तुला ऐकू येतंय, ते येऊ नये म्हणून स्वतः यंत्र घेतोस. आधी तुझं काय ते ठरव."

रात्री त्यांना ताप भरला. दोन दिवसांनी उतरला, पण ते दोन दिवस मी प्लेअरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो (अर्थात ओरडून), "आण्णा, आपण दोघंही कान तपासून घेऊ." हा सौदा त्यांना पटला. समोरचा माणूसही तराजूत बसतोय म्हटल्यावर यार्डातला माणूस नाही म्हणत नाही.

पुण्यात एका बाईंनी आम्हांला आळीपाळीने काचेच्या खोलीत बसवले, कानाला हेडफोन लावले आणि बारीक टुंई ऐकू आली की बटण दाबायला सांगितले. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच निःपक्षपाती हेडफोन चाचणी. २५० कंपनांपासून ८,००० पर्यंत आलेख निघाला. आण्णांचा आलेख उजवीकडे घाटासारखा उतरत गेला होता. बाईंनी सांगितले, की वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात. स, श, त, फ ही अक्षरे तिथे राहतात, म्हणून आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. म्हणजे आण्णा खरेच बोलत होते. त्यांच्या कानांपुरते आम्ही तोंडातल्या तोंडातच बोलत होतो.

माझा आलेख सरळ होता. फक्त ४,००० च्या आकड्यापाशी एक खड्डा.

"हेडफोन वापरता?" बाईंनी विचारले. "किती वेळ? किती मोठ्यानं?"

मी खरे सांगितले. असा खड्डा बहुधा मोठ्या आवाजाने पडतो, असे त्या म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे; आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हे खाते मला नवीन होते. यात भरणा करता येत नाही. जन्मतः असते तेवढी शिल्लक, आणि नुसता काढण्याचा व्यवहार. आणि मी ज्या हेडफोनच्या खोक्यावर ४०,००० पर्यंतचा छाप पाहून भाळलो होतो, तो घालून ४,००० वरच ओव्हरड्राफ्ट काढून बसलो होतो.

आण्णांना यंत्रे घेतली. जोडीची किंमत ऐकून दोन मिनिटे मला काहीच ऐकू आले नाही. पण वहीत चौथा स्पर्धक म्हणून त्यांची नोंद केलीच. वजन नगण्य, कानामागे बसते, ज्याला जो स्वर कमी पडतो तेवढाच उचलून देते, आमच्या डबीसारखे सगळेच वाढवत नाही. गाणे मात्र एकच वाजते, घरातले. जमेच्या बाजूला मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले.

नावेच्या बाजूला एकच गोष्ट आहे. आण्णांना आता सगळे ऐकू येते, हे आमच्या तोंडवळणी पडायला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात मी सौ.ला साध्या आवाजात म्हणालो, "आण्णांना नको सांगू, प्लेअरचे अजून सात हप्ते बाकी आहेत." ओट्यावरून आवाज आला, "आठ. तुझ्या वहीत पाहिलेत मी."

प्लेअर विकला नाही. एस.टी. स्टँडसमोरच्या त्याच दुकानातून एका भोकाची दोन करणारी वायर आणली. संध्याकाळी मी आणि सौ. अर्धा तास ऐकतो, बारीक आवाजात, पुढचे दार उघडे ठेवून. बॅलन्स्ड भोकात धूळ बसते आहे. भाचा येतो तेव्हा मी त्याला उत्साहाने नवीन प्लेअरांविषयी विचारतो, तो कुठल्याशा नव्या चिपविषयी सांगू लागतो, आमची जुगलबंदी रंगते. आण्णा शेजारी बसून मन लावून ऐकत असतात. साधारण पाचव्या मिनिटाला त्यांचा हात सावकाश कानामागे जातो, एक बारीक टक् होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरते, की काळीभोर पार्श्वभूमी म्हणजे काय ते मला कळते.