कोल्डप्ले, आई आणि मी

मुलांनो, तिकीट म्हटलं की त्यावर काय काय असतं? तारीख, वेळ, रांग आणि खुर्चीचा नंबर. पण मी एकदा असं तिकीट काढलं, की त्यात खुर्चीचा पत्ताच नव्हता! कुठे बसायचं ते कार्यक्रमाच्या दिवशी, तिथे गेल्यावरच कळणार. आणि अट अशी, की तिकिटं घ्यायची तर जोडीनंच घ्यायची, दोनाहून जास्त मिळणार नाहीत.

तिकीट होतं 'कोल्डप्ले'चं. लंडनला कॉलेजात भेटलेल्या चार मित्रांचा हा रॉक बँड. ख्रिस मार्टिन गातो, जॉनी बकलंड गिटार वाजवतो, गाय बेरीमन बास गिटार आणि विल चॅम्पियन ड्रम. मार्च 2022 मध्ये त्यांनी कोस्टा रिका या देशातून जगाचा दौरा सुरू केला. फिरत फिरत ते जानेवारी 2025 मध्ये आपल्याकडे, नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले. 18, 19 आणि 21 तारखेला तीन कार्यक्रम झाले.

आता कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या मुलीला हे इंग्रजी गाण्यांचं वेड कुठून लागलं, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण माझी वरळी कोळीवाड्यातली मावशी! या बँडच्या 'हिम फॉर द वीकेंड' गाण्याचं काही चित्रीकरण वरळी गावात झालं आहे. 2016 साली ते आलं, तेव्हा मावशीच्या घरी आम्ही ते पुन्हा पुन्हा लावलं. गाण्यासाठी नव्हे हं! ओळखीची एखादी भिंत, एखादी गल्ली दिसते का ते शोधायला. भिंत शोधता शोधता गाणं पाठ झालं आणि मग बाकीची गाणीही ऐकत गेले.

पण ऐकणं वेगळं आणि जाणं वेगळं. आमच्या नगराच्या एका बाजूला समुद्र आणि होड्या, दुसऱ्या बाजूला उंच इमारती नि मोठाली हॉटेलं. मधे एक रस्ता. तो ओलांडायला दोन मिनिटं लागतात, तरी पलीकडच्या पुष्कळ गोष्टी 'आपल्यासाठी नाहीत' असं आम्ही लहानपणापासून धरूनच चालायचो. 2003 च्या एप्रिलमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर 'रोलिंग स्टोन्स' हा जगप्रसिद्ध बँड आला होता. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर! आमच्या गल्लीतलं कुणी गेल्याचं मला आठवत नाही. जावं असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

कोल्डप्लेची तिकिटं 22 सप्टेंबर 2024 ला, रविवारी दुपारी बारा वाजता निघाली. मी अकरापासून मोबाइल धरून बसले. बारा वाजले आणि पडद्यावर माझा रांगेतला नंबर आला, आठ लाखांच्या पुढचा! स्वस्तातलं तिकीट अडीच हजारांचं, महागातलं पस्तीस हजारांचं. थोड्याच वेळात सगळं संपलं. पुढे काळ्या बाजारात त्याच तिकिटांचे लाखांत भाव झाले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. मला वाटलं, झालं, रस्त्यापलीकडची आणखी एक गोष्ट.

पण या बँडची एक पद्धत मला फार आवडते. दौऱ्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाची थोडी तिकिटं ते मुद्दाम स्वस्त ठेवतात. आपल्याकडे ती दोन हजारांना होती आणि 22 नोव्हेंबरला निघाली. तीच ही बिनपत्त्याची तिकिटं. या वेळी मला मिळाली! 19 जानेवारी, रविवार. दोन तिकिटांचे झाले चार हजार. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही. महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब डोळ्यांपुढे आलाच.

दुसरं तिकीट कुणाला? मैत्रिणींना शाळेच्या परीक्षांचे पेपर तपासायचे होते, भावाला होडीवर जायचं होतं. शेवटी आई म्हणाली, "मी येतंय गो. चार हजाराचा माल फुकट कशाला घालवायचा?" आई मासळी विकते. पहाटे ससून डॉकला लिलाव धरायचा, मग पाटी घेऊन बाजारात. इंग्रजी गाणं तिनं जन्मात मन लावून ऐकलं नव्हतं.

हार्बर लाइन आणि रविवार म्हटलं की मेगाब्लॉकची धास्ती, म्हणून आम्ही लवकरच निघालो. मानखुर्द सुटलं, खाडीचा पूल आला. आईनं खिडकीतून पाणी बघून सांगितलं, "ओहोटी लागलीय." नेरुळला उतरलो तर काळे टी-शर्ट घातलेल्या पोरांचा पूरच! नऊवारीतली आई एकटीच. दोन मुलींनी येऊन तिच्याबरोबर फोटो काढला. तिनं पदर सारखा करून ऐटीत काढू दिला.

खुर्च्या मिळाल्या खूप वर, रंगमंचापासून लांब. आत जाताना प्रत्येकाच्या मनगटाला एक पांढरा पट्टा मिळाला. आधी जसलीन रॉयल ही गायिका गायली. तिची हिंदी गाणी आईला ओळखीची वाटली, मान डोलली. मग अंधार झाला, कोल्डप्ले आले, आणि हजारो पट्टे एकदम पेटले. लाल, पिवळे, निळे! आईनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "अगो, रातच्याला वल्हं मारलं की पानी चमकतं ना, तसंच!"

हे पट्टे पेटतात कसे? घरच्या टीव्हीच्या रिमोटसारखे. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात. रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबा, पुष्कळ मोबाइलमध्ये ते लुकलुकताना दिसतं. तसेच किरण तिथे मोठ्या दिव्यांतून गर्दीवर सोडतात. ज्या भागावर जसा हुकूम पडेल, तसा तिथला रंग.

आणखी एक गंमत. आमच्या किनाऱ्यावर लांब कुणी होडी ठोकत असेल, तर हातोडा आधी पडताना दिसतो, 'ठक्' मागून येतं. कारण आवाज सेकंदाला साधारण 340 मीटरच जातो. शंभर मीटरवर बसलेल्याला तो पाव सेकंदाहूनही उशिरा पोचतो. म्हणून मोठ्या मैदानात मधेमधेही लाउडस्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडतात. नाहीतर मागच्यांना एकच सूर दोनदा ऐकू येईल!

माझ्या वर्गातल्या एका मुलानं मला नंतर विचारलं, "बाई, गाणं तर मोबाइलवर फुकट दिसतं, मग एवढे पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पालकांनाही पडत असेल. मी त्याला विचारलं, "गणपतीत ढोलाच्या शेजारी उभा राहिलायस का?" तो म्हणाला, "हो! पोटात धडधडतं." तिथे ते दोन तास चालू होतं. शिवाय 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' या गाण्यात ख्रिस मार्टिन मधेच थांबतो आणि म्हणतो, आता मोबाइल खिशात ठेवा, फक्त हे एक गाणं. माझ्या आसपासचे बरेच पडदे विझले. माणसं तोंडं वर करून नुसती गात राहिली. त्याच्या आधी तो थोडं मराठीही बोलला. उच्चार अगदी बालवाडीतले, पण मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी!

आई काय करत होती? पहिली चार गाणी कानांवर हात. "हलदीला आपला बेंजो याहून बरा," असा शेराही झाला. मग 'व्हिवा ला व्हिदा' आलं. त्यात एक 'ओ ओ' असा शब्दांवाचून सूर आहे. तो सगळं मैदान गातं. भाषा लागतच नाही. एका कडव्यानंतर माझ्या कानाशी आईचा आवाज आला. बाजारात 'ताजे बोंबील' ओरडून कमावलेला, खणखणीत. पुढच्या रांगेतली मुलं वळून बघायला लागली आणि मग तिच्या तालावर टाळ्या वाजवायला लागली.

निघताना पट्टे परत द्यायचे असतात, ते पुढच्या गावी पुन्हा वापरतात. आईनं आपला काढून पेटीत टाकला आणि कुणी खिशात घालत नाही ना, यावर दोन मिनिटं तिथेच उभं राहून लक्ष ठेवलं. घरी पोचायला मध्यरात्र उलटली. चार वाजता ती डॉकला निघाली. मला साडेसहाला शाळेसाठी उठवलं नाही म्हणून मी घड्याळावर रागावले.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती ओट्यावर बर्फ फोडत होती. तोंडानं तेच 'ओ ओ' चाललेलं, पण अर्ध्यातून तिनं ते एका कोळीगीताच्या चालीवर वळवून घेतलं होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठलं गो हे गानं?" आई म्हणाली, "लंडनचं."