बिनतिकिटाचें दर्शन

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकाच्या उत्तरेस जी लांबट, खांबांची, मधोमध लहानसा घुमट असलेली इमारत आहे, तिच्या दारांत पाऊल टाकतांच माझा हात संवयीनें खिशाकडे गेला. माझी मुलगी हंसून म्हणाली, "बाबा, पाकीट आंत ठेवा. इथें तिकीट नाहीं." मीं इकडेतिकडे पाहिलें. पिशव्या तपासणारा एक रखवालदार होता, ऐच्छिक देणगीसाठीं ठेवलेली एक पेटी होती. पण जिच्या मागें बसून कोणी माझी अडवणूक करील अशी खिडकी कोठेंच दिसेना. टिशियन, रेंब्रांट, व्हॅन गॉख यांचीं चित्रें, आणि तीं पाहावयास एक पैसाहि नको! मला आनंद व्हावयास हवा होता. पण खरें सांगावयाचें तर मनाला किंचित् संशयच आला.

हा दोष एकट्या माझा नव्हे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत 'फुकट' या शब्दाला कधींच प्रतिष्ठा लाभलेली नाहीं. फुकटचा सल्ला, फुकटची बडबड, फुकट गेलेला जन्म, आणि जो दिसतांच स्वयंपाकघरांत कुजबूज सुरू होते तो फुकट्या पाहुणा! 'विनामूल्य' म्हटलें कीं धर्मशाळा किंवा धर्मार्थ दवाखाना डोळ्यांपुढें उभा राहतो. उलट, ज्यासाठीं दाम मोजला तें आपण टाकून देत नाहीं. तिसऱ्या अंकांत डोळे मिटूं लागले तरी आम्ही नाटकगृहांतून उठत नाहीं, कारण पैसा वसूल व्हावयाचा असतो. गंमत अशी कीं, त्या पहिल्या दिवशीं एक दमडीहि दिलेली नसतांना ती वसूल करण्याचा मीं जिवापाड प्रयत्न केला.

मुलगी आपल्या कामाला निघून गेली. या नॅशनल गॅलरीच्या संग्रहांत तेवीसशेंहून अधिक चित्रें आहेत, तेराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचीं, एवढें मीं आधींच वाचून ठेवलें होतें. हातांत नकाशा, खिशांत पेन्सिल, आणि ज्या दालनाचें दर्शन झालें त्यावर खूण! परीक्षेच्या वेळीं पर्यवेक्षक जसा बाकांच्या रांगांतून फिरतो तसा मी फिरलों. आधीं चित्राशेजारची पाटी वाचावयाची आणि मग चित्राकडे एक दृष्टिक्षेप टाकावयाचा, पाटींतील मजकुराची खातरजमा करून घेण्यापुरता. तीन तासांनीं माझे गुडघे बोलूं लागले, नकाशा खुणांनीं भरला, आणि आपण काय पाहिलें असें कोणी विचारलें असतें तर मीं नकाशाच पुढें केला असता.

पत्नीला मीं पहिल्या तासांतच मागें टाकलें होतें. परत आलों तेव्हां ती यान व्हॅन आइक याच्या अर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रापुढें होती. जवळ जाऊन पाही, पुन्हां मागें येऊन बसे. १४३४ सालचें हें चित्र दोन हात उंचीचेंहि नसेल. "हे पाहा," ती म्हणाली, "यांनीं घरांत पादत्राणें काढून ठेवलीं आहेत. त्याचीं इथें, तिचीं तिकडे मागें. झुंबरांत एकच मेणबत्ती जळते आहे, तीहि भरदिवसा. आणि खिडकीपाशीं संत्रीं ठेवलीं आहेत." नंतर आवाज उतरवून तिनें विचारलें, "हिला दिवस गेले आहेत का हो?" मीं पंडिती थाटांत सांगितलें कीं तसें नाहीं, त्या काळीं झग्याचा घोळ पुढें उचलून धरण्याची रीत होती, असें विद्वानांचें मत आहे. "विद्वान पुरुषच असतील," ती म्हणाली. मागच्या भिंतीवरील वाटोळ्या आरशांत आणखी दोन माणसें दारांत उभीं आहेत, हेंहि तिनेंच मला दाखविलें. त्या आरशाच्या वर चित्रकारानें आपण येथें होतों असें लिहून ठेविलें आहे. तीन तासांत माझ्याविषयीं तेवढेंहि म्हणतां आलें नसतें.

या संस्थेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८२४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें अँगरस्टाइन नांवाच्या धनिकाचीं अडतीस चित्रें सत्तावन हजार पौंडांस विकत घेतलीं आणि त्याच्याच पॅल मॅलवरील घरांत तीं लोकांस पाहावयास खुलीं केलीं. ती तारीख वाचतांच माझें मराठी मन हिशेब करूं लागलें. शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें तें १८१७ सालीं. म्हणजे अवघीं सात वर्षें. तेव्हां हें फुकट दर्शन आपल्याच पणजोबांच्या पैशांनीं झालें असें म्हणावयास मला फार आवडलें असतें. परंतु ऑस्ट्रियानें जुन्या युद्धकर्जाची फेड केली, त्या रकमेमुळें ही खरेदी साधली, असें इतिहास सांगतो. मी निराश झालों. रागावण्यासारखें तेथें दुसरें पुष्कळ आहे, पण या एका पावतीवर आपलें नांव नाहीं.

सध्यांची इमारत १८३८ सालीं उघडली. तिच्यासाठीं हीच जागा धरण्याचें एक कारण असें देत कीं पश्चिमेकडील श्रीमंतांना गाडींतून आणि पूर्वेकडील गरिबांना पायीं येथें सारखेंच येतां यावें. गरीब आले, आणि मग तक्रारी सुरू झाल्या. ते पाऊस चुकवावयास येतात, त्यांच्या श्वासानें नि धुळीनें चित्रें बिघडतात, वगैरे. १८५० सालीं चौकशीसमितीपुढें तेव्हांच्या व्यवस्थापकानें एक हकीकत सांगितली. खेड्याकडील एक मंडळी टोपलींत खाद्यपेयें घेऊन आली, खुर्च्या ओढून कोंडाळें करून बसली आणि आरामांत जेवूं लागली. हें येथें शोभत नाहीं असें त्यानें सुचवितांच कोणी रागावलें नाहीं. उलट त्यांतील एका बाईनें त्यालाच जिनचा पेला पुढें केला! पत्नीच्या पिशवींत त्या वेळीं थालीपीठांचा डबा होता. ही हकीकत मीं तिला सांगितली तेव्हां तिचा जीव भांड्यांत पडला. १९७४ सालीं सरकारनें येथें प्रवेशमूल्य बसवून पाहिलें, पण तीन महिन्यांतच तें उठलें.

आतां एक कबुली द्यावयाची आहे. गेलीं अठ्ठावीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवितों. अभ्यासक्रम बदलत गेले, तरी ब्राउनिंगची 'आंद्रेआ देल सार्तो' ही १८५५ सालची कविता फिरून फिरून माझ्याच वांट्यास येत राहिली. सायंकाळच्या मंद प्रकाशांत फ्लॉरेन्सचा चित्रकार आपल्या पत्नीशीं बोलत आहे. आपला हात चुकत नाहीं, पण ज्यांचे हात चुकतात त्यांचा आत्मा जेथें पोहोंचतो तेथें आपण पोहोंचत नाहीं, हें त्याचें दुःख. चित्रकारांचीं चरित्रें लिहिणारा व्हासारी हा आंद्रेआच्याच चित्रशाळेंत कांहीं काळ शिकला होता. गुरूचें रेखाटन निर्दोष, पण वृत्ति भीरु, असा शेरा त्यानें मारला. तो ब्राउनिंगनें उचलला, ब्राउनिंगकडून टीकाकारांनीं, टीकाकारांकडून मीं. 'निर्दोष, परंतु निष्प्राण' हे दोन शब्द मी दरवर्षीं फळ्यावर लिहीत आलों आहें.

बारा-पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट असेल. मागच्या बाकावरील एक मुलगा उठून उभा राहिला आणि त्यानें विचारलें, "सर, आपण त्याचें एखादें चित्र पाहिलें आहे का?" प्रश्नांत उद्धटपणा नव्हता, त्याला खरोखरच हवें होतें. मीं म्हटलें, "कवीनें त्याचा आत्मा पाहिल्यावर आपण रंग पाहून काय करणार?" वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, आणि वर्षभरांत पुन्हां कांहीं विचारावयास उठला नाहीं. पुस्तकांत छापलेलीं लहान चित्रें महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत होतीं. नंतर तर तीं घरबसल्या यंत्राच्या पडद्यावर दिसूं लागलीं. मीं तींहि उघडलीं नाहींत. उघडण्यास भीत होतों, असेंच आज वाटतें.

पहिल्या भेटीनंतर पुन्हां या गॅलरींत जाण्याचा माझा विचार नव्हता. खुणा झाल्या होत्या, कर्तव्य संपलें होतें. पण पुढच्या आठवड्यांत सेंट मार्टिनच्या देवळाच्या पायऱ्यांवर मुलीची वाट पाहत असतां पाऊस आला. ती यावयास वीस मिनिटें होतीं. तिकीट असतें तर वीस मिनिटांसाठीं तें मीं काढलें नसतें. देवळाच्या आडोशास उभा राहिलों असतों. तिकीट नव्हतें, म्हणून रस्ता ओलांडून आंत शिरलों. कांहीं पाहावयाचें नव्हतें, नकाशा घरीं होता. दोनतीन दालनें ओलांडलीं आणि एका तरुणानें मान वळवून माझ्याकडे पाहिलें.

तो खुर्चीवर आपल्याकडे पाठमोरा, कलता बसला आहे. डोक्याला काळी टोपी, पांढरा सदरा, आणि निळसर करड्या रंगाची भली मोठी बाही. हातांत कांहीं तरी आहे. तें पुस्तक कीं दगडाचा ठोकळा यावर मतभेद आहेत, आणि ठोकळा समजून कित्येकांनीं त्याला मूर्तिकार ठरविलें. आपण मागून हांक मारावी, त्यानें हातांतलें काम तसेंच ठेवून खांद्यावरून वळून पाहावें, आणि 'काय पाहिजे?' असें विचारण्यापूर्वींचा क्षण तेथेंच थांबावा, असें तें चित्र आहे. पाटी मीं नंतर वाचली. आंद्रेआ देल सार्तो, सुमारें १५१७. हें चित्र गॅलरीनें १८६२ सालीं विकत घेतलें, आणि एके काळीं तें चित्रकाराचें स्वतःचेंच समजलें जाई.

पहिल्या भेटींत मी याच दालनांतून गेलों होतों. नकाशावर खूण होती.

प्रथम मीं काय केलें तें सांगतांना लाज वाटते. मीं त्या चित्रांत निष्प्राणता शोधूं लागलों! फळ्यावरचा शब्द कोठें बसतो तें पाहूं लागलों. बाहीकडे पाहिलें, तर तिच्या घड्यांवरील प्रकाश एका बाजूनें असा सहज घसरत खालीं येत होता कीं तिला हात लावावासा वाटावा. डोळ्यांकडे पाहिलें. ते डोळे अर्धवट सावलींत आहेत आणि त्यांत थोडा त्रासिकपणा आहे, थोडी अपेक्षा आहे. आणि तो मुलगा, माझ्या वर्गांतला, नेमक्या अशाच डोळ्यांनीं उत्तराची वाट पाहत उभा होता. त्याचें नांव आठवून पाहिलें. आठवलें नाहीं.

मी चित्रकलेचा जाणकार नव्हे. व्हासारीचें म्हणणें खरेंहि असेल. त्यानें गुरूचीं कितीतरी चित्रें जवळून पाहिलीं होतीं, मीं एक पाहिलें. अपराधी मनाला निर्जीव वस्तूंतहि डोळे दिसतात, असेंहि कोणी म्हणेल. म्हणोत. मला टोंचलें तें इतकेंच कीं, अठ्ठावीस वर्षें जें मत मी माझें म्हणून दिलें तें माझें नव्हतें, आणि खोटें असतें तरी मला कळलें नसतें.

त्यानंतर मी तेथें आणखी सात वेळां गेलों. दर वेळीं दहा-पंधरा मिनिटें, त्या एकाच चित्रासाठीं. चौथ्या खेपेस दालनांतील रखवालदारानें मान लववून ओळख दिली. वाटेंत व्हॅन गॉखच्या सूर्यफुलांपुढें नेहमींच गर्दी असे, आणि निम्मे लोक फुलांकडे पाठ करून स्वतःचेंच छायाचित्र घेत असत. मला त्यांना हंसण्याचा अधिकार नव्हता. माझी पेन्सिल त्याच जातीची होती. दुसऱ्या महायुद्धांत येथील सारीं चित्रें वेल्समधील मानोडच्या पाटीदगडाच्या खाणींत नेऊन ठेवलीं होतीं. भिंती रिकाम्या, शहरावर बाँबचें भय. तेव्हां लोकांच्या मागणीवरून १९४२ सालापासून दर महिन्यास एकच चित्र लंडनला आणून मांडीत, आणि तेवढें एक पाहावयास माणसें येत. पहिल्यांदा हें वाचलें तेव्हां मला त्यांची कींव आली होती.

शेवटच्या दिवशीं शाळेंतील लहान मुलांचा एक घोळका शेजारच्या दालनांत जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्यांच्या बाई चित्रकाराचें नांव सांगत नव्हत्या, सालहि सांगत नव्हत्या, "तुम्हांला काय दिसतें?" एवढेंच पुन्हां पुन्हां विचारीत होत्या. एका मुलीनें कोपऱ्यांतला कुत्रा दाखविला. बाईंनीं वांकून पाहिलें आणि म्हणाल्या, "खरेंच कीं! मीं पाहिलाच नव्हता." त्या खरें बोलत होत्या कीं नाहीं कोण जाणे. मी बराच वेळ तेथें उभा राहिलों, आणि जातांना पेटींत एक नोट टाकली. किती, तें पत्नीला सांगितलेलें नाहीं.

जूनमध्यें महाविद्यालय सुरू होईल. वेळापत्रक आलें आहे आणि ती कविता पुन्हां माझ्याचकडे आहे. या वेळीं फळ्यावर काय लिहावयाचें तें अजून ठरलें नाहीं. त्या चित्राची मोठी प्रत मात्र बरोबर आणली आहे.

त्या दिवशीं घरीं पोहोंचलों तेव्हां पत्नी सामान बांधीत होती. "आज काय पाहिलेंत?" तिनें विचारलें.

"तोच."

"अजून वळून पाहतोय?"

"पाहतोय," मीं म्हटलें, आणि पेटीची दुसरी बाजू धरावयास बसलों.