आंब्याचा ट्रे

वांग्याचे रोप धरायला काय काय लागते, असे मला कोणी विचारले तर मी आधी सांगेन, घरात एक म्हातारी आई लागते. माती, पाणी, ऊन वगैरे किरकोळ गोष्टी पुस्तकात दिलेल्याच असतात.

गावचे घर विकले आणि आई पुण्याला आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. येताना तिने एक ट्रंक, एक पाट आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कागदात बांधलेली पुडी आणली. पुडीत राखेत घोळलेले वांग्याचे बी होते, कृष्णाकाठच्या काटेरी वांग्याचे. परसातल्या वांग्याचे बी ती दर साल धरत आली होती. आता परस गेले. उरली ती एवढी पुडी. ती तिने देवाच्या फडताळात ठेवली आणि आपण आतल्या खोलीत कॉटवर बसली, ती तीन महिने तिथेच. "जरा गॅलरीत येऊन बस," म्हटले तर म्हणे, "काय बघायचंय तिथं? समोरच्यांच्या चड्ड्या?" यावर बोलणेच खुंटले, कारण समोर खरोखरच चड्ड्या वाळत असत.

तेव्हा मी ठरवले की वांगी आपण लावायची. पावसाळ्यात लावणी करायची तर रोप मे महिन्यात धरायला हवे. मी रीतसर एक इंग्रजी पुस्तक आणले. पुस्तक ज्या मुलखात लिहिले होते तिथे मार्चमध्येसुद्धा बाहेर बर्फ असते. म्हणून लेखकाने बजावले होते : बी घरातच रुजवा, आणि त्यासाठी घरातली सर्वांत उबदार जागा शोधा. पुण्यात मे महिन्यात घरातली सर्वांत उबदार जागा म्हणजे पंख्याखाली न बसलेला कोणीही माणूस. आपल्याकडे बी घरात रुजवायचे ते ऊन, वळवाची सर, चिमण्या आणि मुंग्या यांच्यापासून राखायला. हे त्या लेखकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते; मला ठाऊक नसायला मात्र सबब नव्हती.

बी पेरायला मी कागदी लगद्याचा तीस खळग्यांचा ट्रे आणला. हा ट्रे मुळात कशाचा असतो ते सर्वांना ठाऊक आहे. आईचे सोवळेही सर्वांना ठाऊक होते. "हे कसलं रे?" तिने विचारलेच. मी अडखळलो. हिने स्वयंपाकघरातून तत्परतेने सांगितले, "आंब्याच्या पेटीतलं आहे, आई!" आई काही बोलली नाही.

पुडीत एकसष्ट बिया निघाल्या. त्यातल्या तीस मी पेरल्या आणि ट्रे फ्रिजवर ठेवला. आठव्या दिवशी कोंब दिसले. मला इतका आनंद झाला की मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. रात्री जाग आली तर तेव्हाही. फ्रिजवर उजेड बेताचाच. रोपे उजेडाच्या आशेने खिडकीकडे माना लांबवून पांढुरकी, लुकडी झाली. मला वाटले, वाढताहेत! एका सकाळी पाहतो तो सगळी आडवी. मातीलगत देठ दोऱ्याने करकचल्यासारखे बारीक झाले होते. याला रोपमर म्हणतात. माती सतत ओली आणि वारा नाही, म्हणजे बुरशीचे फावतेच. अर्थात हे मी नंतर वाचले. आधी वाचायची मला सवय नाही.

दुसऱ्या खेपेला वीस बिया. यावेळी पाणी जपून, उजेड भरपूर, असा निश्चय केला. रोपे दोन पानांची झाल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ती फ्रिजवरून उचलून थेट गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि ऑफिसला गेलो. पाऊस यायचा होता. संध्याकाळी आलो तेव्हा ट्रेमध्ये कसुरी मेथी होती.

उरल्या अकरा. त्या रात्री मला जेवण गेले नाही. दर साल धरलेले बी, आणि मी ते तीन आठवड्यांत अकरावर आणले होते. आईला कसे सांगावे याचा विचार करीत होतो, तर तीच म्हणाली, "बी आण इकडे. आणि तो आंब्याचा ट्रे नको. आंब्याला तीस खळगे कुठल्या पेटीत असतात, ते मला कळत नाही होय?"

तिने बी रात्रभर भिजवले आणि मटकीसारखे फडक्यात बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले. मोड आणण्याची विद्या घरात रोज चालू असताना मी पुस्तक विकत आणले होते! पाचव्या-सहाव्या दिवशी नऊ बियांना पांढरे टोक फुटले. तळाला भोके पाडलेल्या दह्याच्या डब्यांत माती, वाळू आणि शेणखत भरून तिने ती अलगद वर-वर पेरली. वरून मुंग्यांसाठी राख. पाणी बोटांनी शिंपडायचे, तेही माती कोरडी वाटली तरच. हिरवे दिसताच डबे खिडकीत.

मग उन्हाची सवय. पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, असे चढवत न्यायचे. पण तोवर पाऊस सुरू झालेला. ऊन म्हणून डबे ठेवावेत तर सर येणार, आणि थेंबांनी रोपे लोळणार. म्हणजे डब्यांपाशी कोणीतरी बसायला हवे.

"आम्ही दोघं ऑफिसला," मी म्हणालो. खरे तर मला दुसरे काही सुचले नाही म्हणून म्हणालो.

"मग मी काय मेलेय?" आई म्हणाली, आणि पाट घेऊन गॅलरीत जाऊन बसली.

महिन्याभराने रोपे मोठ्या कुंड्यांत गेली, पण पाट काही आत आला नाही. समोरच्या चड्ड्या कुणाच्या, त्यातला कोण नोकरीला आणि कोणाची मुलगी उजवायची आहे, हे आता ती आम्हांला सांगते.

नऊपैकी सात जगली. पहिले वांगे धरले तेव्हा मी भरल्या वांग्यासाठी खोबरे, तीळ, शेंगदाण्याचा कूट अशी सगळी तयारी केली. आईने हात लावू दिला नाही. "ते बियाला." वांगे झाडावरच वाढले, जून झाले आणि पिवळेधमक पडले. परवा समोरच्या बाई आल्या होत्या. कुंडीकडे पाहून त्यांनी हिला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "अहो, तुमच्याकडे भाजी वेळेवर काढायला कोणी नाही का?"