‘इन द लाँग रन’ म्हणजे किती वर्षं?



आज एका इंग्रजी शब्दप्रयोगाबद्दल बोलूया. ‘इन द लाँग रन’. हल्ली मराठी निबंधातही तो सर्रास दिसतो. मागच्या वर्षी मीच चौथीच्या वर्गात ‘पाण्याचे महत्त्व’ शिकवताना फळ्यावर लिहिलं होतं, ‘पाणी अडवले तर इन द लाँग रन फायदा होतो.’ मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. एकाने त्याचं मराठी केलं, ‘लांब पळाल्यावर फायदा होतो.’ सगळा वर्ग हसला.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “सर, म्हंजी किती वर्षं?”

मला सांगता येईना. तीच पुढे म्हणाली, “आजोबांनी मोसंबी लावली तवा पाच वर्षं फळ नव्हतं. मग दुष्काळात बागच वाळली.”

तो 2012-13 चा दुष्काळ. आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या किती तरी बागा तेव्हा सरपण झाल्या. पाच वर्षं फळाची वाट बघणाऱ्या माणसाने पुढचा विचार केला नव्हता, असं कसं म्हणायचं? पण पाण्याचा विचार एकट्याने करून भागत नाही.

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. तिथे 1996 पासून गावाने मिळून पाणलोटाची कामं केली होती. बांधबंदिस्ती झाली, चर खोदले, पुढे शेततळी आली. म्हणजे दुष्काळाच्या सोळा वर्षं आधी सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं वाक्य बदललं, ‘कडवंचीने 1996 पासून पाणी अडवले, म्हणून 2012 चा दुष्काळ सोसता आला.’

मित्रांनो, ‘इन द लाँग रन’ इंग्रजीच्या पेपरात जरूर लिहा. त्याचा पळण्याशी संबंध जोडू नका. मराठीत ‘कालांतराने’, ‘पुढे जाऊन’ असे आपले शब्द आहेत. पण कोणताही शब्द वापरा, त्याच्यापुढे दोन गोष्टी नक्की लिहा: किती वर्षं लागणार, आणि तोवर घर कशावर चालणार. त्याशिवाय तो शब्द पोकळच.

त्या मुलीने निबंधाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘आजोबांनी यंदा परत वीस झाडं लावली. मधल्या पट्ट्यात हरभरा पेरला. मी नववीत जाईन तवा फळ येईल.’

मी तिला दहापैकी दहा दिले. ‘तवा’चं ‘तेव्हा’ तेवढं करून दिलं.