जिप्सी रनिंगवर आहे

प्रिय भाचेबुवा,

परवा फोनवर म्हणालास, "मामा, इंजिन बांधून झालं, सोमवारी पुण्याला डायनोवर नेतो." मी नुसतं हं म्हणालो. फोनवर तू कुठे ऐकून घेतोस, म्हणून हे पत्र.

एवढ्यात नेऊ नको बापा. १२९८ सीसीच्या त्या जिप्सीत तू ओव्हरसाइज पिस्टन टाकलेस, कॅम बदललास, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंस. लय झाक. पण रिंगा अजून बोअरला बसलेल्या नाहीत. होनिंगनंतर बोअरमध्ये पाहिलंस ना? तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा. तुझ्या आजीचं जातं गुळगुळीत झालं की ती टाकी लावून घ्यायची, तसंच हे. टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं दळण मात्र ती कुणाच्या ताटात वाढायची नाही, कचकच लागायची.

रिंग स्वतःच्या ताणानं भिंतीला जेमतेम टेकते. खरा रेटा देतो तो जळलेला वायू, रिंगेच्या मागे शिरून. म्हणून लोड पाहिजे. मला हे उशिरा कळलं. पूर्वी आम्ही नवं बांधलेलं इंजिन रेडिएटरला पाण्याचा पाइप लावून दिवसभर आयडलवर घुरघुरत ठेवायचो. मोठ्या मायेनं! तसल्याच एका डिझेल जीपची बोअर मी आरशासारखी करून ठेवली. गाडी तेल प्यायला लागली. मालक रोज यायचा, बोलायचा काही नाही, सायलेन्सरच्या निळ्या धुराकडे बघत बसायचा. शेवटी पदरचे पैसे घालून पुन्हा खोललं.

तर आधी ट्यूनरकडून कच्चा मॅप घे: पेट्रोल जरा जास्त, टायमिंग जरा मागे. प्लग काढून, इंजेक्टरची वायर सोडवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मार. ऑइल मिनरल घाल, सिंथेटिक पुढे बघू. गरम झालं, गळती नाही, की लगेच रस्त्यावर काढ. तिसरा गिअर, अर्धा अ‍ॅक्सिलरेटर, २००० पासून ४००० पर्यंत ओढ आणि पाय साफ काढून घे. इंजिनलाच गाडी आवरू दे. तेव्हा सिलिंडरात ओढ बसते, खालचं तेल वर येतं आणि घासलेली भुकटी धुऊन नेतं.

समृद्धीवर जायचा मोह होईल. मेहकरला चढायचं आणि १२० ला काटा खिळवून बसायचं! एका आरपीएमवर तासभर म्हणजे रिंगांना काही शिकवलंच नाही. त्यापेक्षा आपला राजूर घाट बरा. मोताळ्याकडून चढताना लोड, बुलडाण्याहून उतरताना इंजिन ब्रेक. पहाटे जा, मलकापूरकडच्या दुपारच्या उन्हात नको. आणि टॉप गिअरमध्ये रडवत चढवू नको.

डायनोवर फुल थ्रॉटल देतात. न बसलेल्या रिंगांतून तेल वर गेलं की इंजिन ठोकायला लागतं. ट्यूनर टायमिंग मागे घेतो, आणि तू कमी पॉवरचा कागद घेऊन घरी येतोस. महिन्यानं रिंगा बसल्यावर तो कागद कोणत्या इंजिनाचा?

पहिलं ऑइल ५० किलोमीटरला काढ, दुसरं ५०० ला. मग खुशाल पुणे. काढलेलं ऑइल उन्हात धर. बारीक चंदेरी चकाकी असली तर भिऊ नको. तांबूस दिसली, तर गाडी जागेवर उभी कर आणि मला फोन कर, रात्री कितीही वाजता. फिल्टर फेकू नको. मी येतो रविवारी, सोबत कापून बघू.

तुझा,
मामा