ग्रेट झिम्बाब्वे : ऐकीव इतिहासाच्या छायेतील दगडी नगर

झिम्बाब्वेतील मस्विंगो शहरातून ग्रेट झिम्बाब्वेच्या अवशेषांकडे जाताना प्रवाशाला प्रथम ग्रॅनाइटच्या उघड्याबोडक्या टेकड्या दिसतात. उन्हाने तापून आणि गारव्याने आकसून या खडकाचे पापुद्रे सुटतात, आणि शोना भाषकांच्या पूर्वजांनी 11व्या ते 15व्या शतकांच्या दरम्यान अशाच पापुद्र्यांचे चिरे पाडून, कोकणातील गडग्याप्रमाणे चुन्याविना एकावर एक रचून हे नगर उभारले. त्यातील 'ग्रेट एन्क्लोजर' या लंबवर्तुळाकार आवाराच्या भिंतीचा परीघ सुमारे 250 मीटर आहे आणि तिची उंची काही ठिकाणी 11 मीटरपर्यंत जाते.

या नगराचे वर्णन 1552 मध्ये युरोपला वाचायला मिळाले ते जुआंव द बारुश या पोर्तुगीज इतिहासकाराकडून, ज्याने हा प्रदेश कधीच पाहिला नव्हता आणि ज्याची सारी भिस्त ऐकीव माहितीवर होती. पुढे बायबलमधील राजा शलमोन आणि शेबाची राणी यांच्या सोन्याच्या कथा या भूमीला चिकटल्या. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी 1871 मध्ये प्रत्यक्ष येथे पोहोचला खरा, पण त्या कथा मनात घेऊनच. दाराच्या तुळईची ढलपी त्याने आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली, दोहोंत साम्य आढळताच ते लेबननचे देवदार ठरवले आणि त्या ढलपीच्या आधारावर राणीचा राजवाडा उभा केला. जागेवर येऊनही माणूस ऐकीव गोष्टीच पाहू शकतो, हे या प्रसंगात फार स्पष्ट दिसते.

खरी हानी त्यानंतर झाली. 1902 ते 1904 या काळात रिचर्ड हॉल याने 'मूळ' परकीय बांधकाम मोकळे करण्यासाठी आफ्रिकी वस्तीचे थर कचरा समजून उपसून टाकले. हे नगर कोणी बांधले या प्रश्नाचे उत्तर ज्या मातीत होते तीच नष्ट झाली, आणि ही हानी भरून येणारी नाही. तरीही उरलेल्या थरांवरून डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी 1905 मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी 1929 मध्ये हे नगर आफ्रिकी लोकांनीच मध्ययुगात वसवल्याचे दाखवून दिले. येथे सापडलेले भारतीय काचमणी आणि चिनी मातीची भांडी हिंदी महासागरावरील व्यापाराची साक्ष देतात. या नगराच्या वैभवाला तो व्यापार आणि गुराढोरांची संपत्ती ही कारणे पुरेशी आहेत, राणीची गरज नाही.

ऱ्होडेशियाच्या, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच्या झिम्बाब्वेच्या, गोऱ्या राजवटीला मात्र जुनी कथाच सोयीची होती. पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांनी नगराचे आफ्रिकी कर्तृत्व ठामपणे मांडले आणि सरकारी दबावामुळे 1970 मध्ये त्यांना देश सोडावा लागला. 1980 मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने याच अवशेषांचे नाव धारण केले, तेव्हा केटन-थॉम्पसन यांच्या उत्खननाला 50 वर्षे उलटून गेली होती.