सेटल कधी होणार, हर्डमेनिया?

नंदुरबारला समुद्र नाही. तापी आहे, पण तिला समुद्र भेटतो तो पार सुरतेच्या पुढे. तरीही इथल्या झूलॉजीच्या पोरापोरींनी वर्षानुवर्षं एक समुद्री प्राणी घोकलाय. नाव हर्डमेनिया.

तुम्ही कॉमर्सवाले असाल तर ओळख करून देते. ही सी स्क्वर्टची एक जात. दाबलं की पिचकारी मारते, म्हणून हे नाव. दिसायला चामड्याच्या पिशवीत कोंबलेला गुलाबीसर बटाटा. वर दोन नळ्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. आतला घसा म्हणजे भोकाभोकांची टोपली. तिच्यावर चिकट द्रवाचा थर, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात आणि तेच जेवण. डोळे नाहीत, हातपाय नाहीत, कुठे जाणं-येणं नाही. वाळूत नाहीतर एखाद्या शंखावर बूड टेकायचं की झालं. थोडक्यात काय, नऊ ते सहाची नोकरी, तीही लोकल न पकडता!

माझी मामेबहीण नंदुरबारला टीवाय बीएस्सीला आहे. जानेवारीत मी मिरचीच्या पथाऱ्यांवर स्टोरी करायला गेले, तेव्हा तिची प्रॅक्टिकल तोंडावर होती. रात्री ती जर्नल घेऊन बसायची आणि मी तिला प्रश्न विचारायचे. त्याच वेळी स्वयंपाकघरातून मामी मला प्रश्न विचारायची, एकच आणि रोज. ‘तू सेटल कधी होणार गं?’ मी फ्रीलान्सर आणि वर बिनलग्नाची, त्यामुळे माझ्यावर डबल चार्ज.

‘समुद्र नसलेल्या गावात हे कोणी लावलं तुमच्या डोक्याला?’ मी विचारलं. उत्तर जर्नलमध्येच होतं. एस. एम. दास यांनी १९३६ मध्ये या प्राण्यावर सविस्तर ग्रंथिका लिहिली, तीही लखनौहून. म्हणजे तिथेही समुद्राच्या नावाने बोंब. पुढे देशभरच्या पाठ्यपुस्तकांत हाच नमुना रुळला.

मला जाम आवडलं ते याचं हृदय. थोडा वेळ ते रक्त एका दिशेने ढकलतं, मग क्षणभर थांबतं आणि उलट्या दिशेने ढकलायला लागतं. आमच्या मामांच्या मतांचा फंडा हाच. आणि अंगावरचा तो चामडी डगला? तो ट्युनिसिनचा, म्हणजे सेल्युलोजचाच एक प्रकार. शहाद्याच्या कापसात जे असतं ते हा प्राणी असून स्वतःच्या अंगावर बनवतो.

खरी गंमत मात्र हा ठेवायचा कुठे यात आहे. जुन्या अभ्यासकांनी त्याला शिंपल्या-गोगलगायींच्या खात्यात टाकलं होतं. साहजिकच होतं म्हणा. बटाट्याकडे बघून कोणाला पाठीचा कणा आठवेल? मग १८६६ मध्ये कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने सी स्क्वर्टची पिल्लं वाढताना नीट पाहिली. पिल्लू चक्क बेडकाच्या पिल्लासारखं! वळवळती शेपटी, तिच्यात पृष्ठरज्जू, वर चेतारज्जू, डोळ्यासारखा ठिपका. म्हणजे हा आपल्याच घराण्यातला. कॉर्डेटा संघ, युरोकॉर्डेटा उपसंघ. युरो म्हणजे इथे शेपूट, युरोप नव्हे. पुढे २००६ मध्ये जनुकांच्या अभ्यासाने आणखी धक्का दिला. कणा असलेल्या प्राण्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक हेच. आपली थायरॉईड ग्रंथी आणि याच्या घशातली चिकट द्रव सोडणारी खाच यांचं मूळ एकच.

बहिणीला हे समजावताना मला नवापूर स्टेशन आठवलं. राज्याची हद्द त्या स्टेशनातूनच जाते आणि तिथे एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये आहे. हर्डमेनियाही तसाच, कणा नसलेल्यांच्या आणि कणा असलेल्यांच्या मधल्या बाकावर.

‘पण ताई, पुढचं वाच ना,’ ती म्हणाली. पुढचं म्हणजे सेटलमेंट. हो, पुस्तकात हाच शब्द आहे! पिल्लू काही खात नाही, त्याच्याकडे वेळ थोडाच असतो. तेवढ्यात जागा शोधायची. जागा मिळाली की डोक्याकडच्या बाजूने चिकटायचं. मग शेपटी विरघळते, पृष्ठरज्जू जातो, ठिपक्याचा डोळा जातो, मेंदूही मोडीत निघतो. ‘कायमची नोकरी लागली की मेंदू खाऊन टाकतो’ हा जोक कॉर्पोरेट सेमिनारमध्ये तुम्हीही ऐकला असेल. मी तो मोठ्याने वाचून खिदळले. ती हसली नाही.

‘मामांनी बी.एड.चा फॉर्म आणलाय,’ एवढंच बोलली. तिला गोव्याला जाऊन समुद्री जीवशास्त्रात एमएस्सी करायची होती. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तिने आजवर समुद्र पाहिलेला नाही. हर्डमेनिया पाहिला तो कॉलेजच्या बरणीत, पांढरट पडलेला. समुद्राचा वास तिच्या लेखी फॉर्मलिनचा.

मग मीच पुस्तक पुढे वाचलं. तो जोक अर्धवट आहे, मंडळी. पिल्लाचा मेंदू मोडतो हे खरं, पण दोन नळ्यांच्या मधोमध मज्जातंतूंची नवी गाठ तयार होते. पोहायचं नसलं तरी पाणी कधी घ्यायचं आणि नळ्या कधी मिटायच्या हे ठरवावंच लागतं. बसून राहिलेल्यालाही डोकं लागतं. माझ्या बँकेतल्या मैत्रिणींना हे आवडेल.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने स्वतःच विषय काढला. मामांनी आधी ‘बघू’ म्हटलं, मग ‘पोरीची जात, एवढ्या लांब कशाला?’ म्हटलं. मामी माझ्याकडे असं बघत होती की जणू हा रोग मुंबईहून मीच आणला. मी भाकरी मोडत गप्प बसले. तिचं बोलणं तिनेच करायचं होतं आणि तिने ते केलं. प्रवेश परीक्षा, होस्टेल, स्कॉलरशिप, सगळं वहीत लिहून आणलं होतं. मामांनी वही उलटीपालटी केली, चष्मा काढला, परत घातला.

‘त्या बटाट्यासाठी गोव्याला जाणार?’

‘हो,’ ती म्हणाली. ‘आणि बटाटा नाही म्हणायचं त्याला. नातेवाईक आहे आपला.’

बी.एड.चा फॉर्म अजून टीव्हीखालच्या खणात आहे. गोव्याचा तिने भरलाय आणि फी मामांच्या खात्यातून गेलीय.